तोफकाकांचा उणा आवाज

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने घरच्यांकडून कपाळाला हात लावून ताप पाहून घ्यावा. सांगणाऱ्यालाही पहिल्या खेपेला ती खरी वाटली नव्हती. दहादा सांगून झाल्यावर हळूहळू विश्वास बसत गेला. थापेचं नव्या जोड्यासारखं असतं. वापरली की पायाला बसते.

तर एक तोफकाका होते. घरच्यांनी नाव काही वेगळं ठेवलं असेल, पण तोफेला कोण नावाने हाक मारतो? त्यांचा आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर त्यांनी चहा मागितला की तळमजल्यावरच्यांच्या कपातला चहा हलायचा. एकदा त्यांना शिंक आली, तेव्हा समोरच्या घड्याळजीच्या दुकानातली बंद पडलेली चार घड्याळं चालू झाली आणि चालू असलेलं एक बंद पडलं. घड्याळजी चार घड्याळांबद्दल आभार मानून गेला. पाचव्याबद्दल मोठ्या मनाने काही बोलला नाही.

आता गंमत बघा. असल्या माणसाने जन्मभर नोकरी केली ती कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे ऐन उमेदीत त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. धान्यातून खडे निवडावेत तसा त्याने गोंगाट निवडून बाजूला टाकायचा आणि माणसाचा आवाज तेवढा पुढे करायचा. कारखाना त्या एका प्रोग्रॅमवर वीस वर्षं चालला. काका मात्र त्याबद्दल चारचौघांत अवाक्षर काढायचे नाहीत, कारण ते खरं होतं, आणि खऱ्या गोष्टी सांगण्यात त्यांना रस नव्हता.

त्यांचा जीव थापांत. दर रविवारी सकाळी नाश्ता आटोपला की तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात बैठक बसायची. दुकान म्हणजे एक यंत्र, एक कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेला बाक आणि अर्धवट शिवलेल्या कोटांची रांग. बाकावर निवृत्त पोस्टमन, एखाददुसरा शेजारी, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर काकू. काकू शिंप्याला काजं करून द्यायच्या. खाली मान, हातात सुई, आणि तोंडातून शब्द नाही. काका गोष्ट सुरू करायचे, ती फुगत जायची, फुगता फुगता छताला लागायची, आणि नेमकी फुटायच्या बेताला येई तेव्हा काकू मान वर न करता म्हणायच्या, "खोटं."

झालं. सगळे खो खो हसायचे, पोस्टमन गुडघ्यावर हात मारून उठायचा, शिंपी यंत्राचा पाय दाबायचा आणि जो तो आपापल्या वाटेने. चाळीस वर्षं हे असं चाललं. काका वरवर चिडल्यासारखं करायचे, "तुझ्यापुढे माणसाने तोंड उघडायची सोय नाही," म्हणायचे. पण जिना चढताना दोन पायऱ्या एकदम चढायचे.

मग काकूंचे कान गेले. एकदम नाही. आधी पावलांचा आवाज गेला, मग पाखरांचा, मग दाराची बेल, आणि शेवटी माणसं. कारखान्याचं जुनं यंत्र कानात होतं तोवर ठीक चाललं. तेही एक दिवस खरखरलं आणि थंड झालं. कारखाना केव्हाच बंद पडला होता, सुटे भाग मिळेनात. नवी यंत्रं आणून पाहिली, तर ती काकूंच्या कानात नुसत्या शिट्ट्या घालायची. काकूंनी ती एकेक करून डब्यात ठेवून दिली आणि कागद-पेन्सिल काढली.

पण कागदावर थाप म्हणजे गार झालेला चहा. काका लिहून द्यायचे, काकू वाचून मान डोलवायच्या. मजा कशात होती हे दोघांनाही माहीत, पण लिहिता येईना.

आणि रविवारची काय दशा झाली म्हणता? गोष्टींना शेवटच उरला नाही. खोटं म्हणणारं कोणी नाही. पोस्टमनला वयाचा मान आड यायचा, शिंप्याला शेजारधर्म. काका वाट बघायचे, अजून एक थाप चढवायचे, पुन्हा काकूंकडे बघायचे. काकूंची सुई आपली चालू. एका रविवारी तर गोष्ट जेवणाच्या वेळेपर्यंत गेली, जेवणानंतर पुढे चालू झाली, गोष्टीतला उंट तीन समुद्र पोहून गेला, शिंप्याने हळूच निम्मं शटर ओढलं आणि काका खाली वाकून शटरखालून बोलत राहिले. त्यानंतर बाकावर माणसं कमी येऊ लागली.

"उंट जरा लांबला," घरी येऊन काका लेकीला म्हणाले.

त्यांची लेक म्हणजे चिमणी. तिच्या आवाजामुळे हे नाव पडलं. शेजारी बसून बोलली तरी कान पुढे करावा लागायचा. चिमणी मोबाईलचे ॲप बनवणाऱ्या कंपनीत होती. तिने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाबा, तुमचा तो प्रोग्रॅम आहे का अजून?"

"कोणता प्रोग्रॅम?"

"तो खरा."

काकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. त्यात प्रोग्रॅमच्या छापील कागदांची चळत, जुन्या डिस्का आणि खाली काकांच्या हातची एक वही. चिमणीने डिस्का ऑफिसात नेऊन कशाबशा वाचून घेतल्या. परत आली ती डोळे चमकवत.

"बाबा, हे सोनं आहे. मी हे आईच्या फोनमध्ये घालते. फोनने ऐकायचं, तुमच्या प्रोग्रॅमने निवडायचं, आणि इअरफोनमधून आईच्या कानात सोडायचं."

"माझा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलाय. तुझ्या फोनला सी कळतं?"

"फोनवर चालेल, पण माझं ॲप जावामध्ये आहे. दोघांच्या मधे एक दुभाष्या बसवायचा. आम्ही त्याला बाइंडिंग म्हणतो. तुमचा प्रोग्रॅम एक भाषा बोलणार, ॲप दुसरी, आणि मधला माणूस इकडचं तिकडे देणार."

"मधला माणूस," काका म्हणाले, "लग्नातला असो की फोनमधला, सगळी गडबड तोच करतो."

"बाबा, तो मधला माणूस मीच लिहिणार आहे."

"मग तर देवच राखो."

काम कसं होतं तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काकांचा प्रोग्रॅम आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचा, एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्यात माणसाचा आवाज किती जोरदार आहे, त्याचा एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे सन्नाटा, दोनशे पंचावन्न म्हणजे काका. चिमणीच्या ॲपने तो आकडा घ्यायचा आणि तेवढा तुकडा तेवढ्या जोरात काकूंच्या कानात सोडायचा. आकडा शून्य किंवा त्याच्या खाली आला तर समजायचं, इथे ऐकण्यासारखं काही नाही, आणि गप्प राहायचं. एवढंच.

चिमणीने पंधरा दिवस खपून दुभाष्या लिहिला. ऑफिसात बसून स्वतः बोलून पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला बोलायला लावलं. त्या ऑफिसात सगळे एकमेकांशी असे बोलायचे, की जणू खोलीत कोणाचं तान्हं झोपलंय. सगळं झकास चाललं. एका शनिवारी सकाळी तिने आईच्या कानात इअरफोन घातले, फोन तिच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "आई, ऐकू येतंय?"

काकूंनी हातातली सुई खाली ठेवली. "किती दिवसांनी ऐकला गं तुझा आवाज," त्या म्हणाल्या. "घसा बसलाय का? बारीक झालाय."

"तो पहिल्यापासून तसाच आहे, आई."

दोघी हसल्या, दोघींनी डोळे पुसले. काका दारात उभे होते. त्यांनी घसा साफ केला, छाती भरून घेतली आणि जन्मात कधी बोलले नसतील इतक्या प्रेमाने म्हणाले, "अगं, ऐकतेस का?"

खिडकीची काच थरथरली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिल्या.

"अगं, मी बोलतोय."

काकू चिमणीला म्हणाल्या, "यांना काय झालं? नुसता आ वासून उभे आहेत."

चिमणीला वाटलं, यंत्र नवं आहे, कान जुने आहेत, आवाज कमी पडत असेल. तिने काकूंच्या कानात सोडायचा जोर थोडा वाढवला. काका बोलले. काही नाही. आणखी वाढवला. काका खुर्चीवर उभे राहून बोलले. काही नाही. तिसऱ्यांदा वाढवला तेव्हा खाली शिंप्याने विचारलं, वर आग लागलीय का. काकूंना शिंप्याचा प्रश्न ऐकू आला, नवऱ्याचं बोलणं नाही.

आणि कोणी विश्वास ठेवणार नाही असं म्हणालो होतो, ते आता आलं. जोर एवढा वाढवल्यावर प्रोग्रॅमने बाजूला टाकलेला बारीकसारीक गोंगाटही झिरपू लागला. काकूंना काय काय ऐकू येऊ लागलं? खालच्या दुकानात शिंपी टाचणी उशीत खोचायचा, ते ऐकू यायला लागलं. भिंतीपलीकडची बाई साखरेच्या डब्याचं झाकण चोरून उघडायची, तिचं पथ्य किती आहे ते काकूंना कळायला लागलं. स्वयंपाकघरातून एकदा त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, ओट्याच्या कडेने एक मुंगी चाललीय, डाव्या बाजूने लंगडते. पाहिलं तर खरंच लंगडत होती. पोस्टमन जिन्यात भेटला तर त्याने नमस्कार करायच्या आधीच काकू म्हणाल्या, "आज नाश्ता झालेला दिसत नाही." त्याचं पोट बोललं होतं.

सगळ्या जगाचं सगळं ऐकू यायचं. फक्त एक माणूस सोडून.

दोन-तीन दिवस काकांनी गंमत म्हणून घेतलं. मग ते काकूंच्या समोर बसून जोर लावून बोलू लागले. जितका जोर लावावा तितकी काकूंची नजर कोरी. त्यांना वाटलं, ही मुद्दाम करते. लंगड्या मुंगीचं पाऊल ऐकू येतं आणि घरचा माणूस ऐकू येत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

तिकडे काकूंचा वेगळाच समज. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार ना," काका म्हणाले. काकूंना ते ऐकू गेलं नाही, पण मान हललेली दिसली.

"तुम्ही हल्ली बोलतच नाही माझ्याशी. तोंड हलवता, पण बोलत नाही. मला बहिरीला चिडवता की काय, कळत नाही. आणि दिवसभर उसासे टाकता. मला नुसते तुमचे उसासे ऐकू येतात. झालंय तरी काय?"

काकांनी घास ताटात ठेवला. चाळीस वर्षं ज्या बाईने आपल्या बोलण्यातली एक थाप सुटू दिली नाही, तिला आता आपलं नुसतं श्वास घेणं ऐकू येतंय. त्यांनी पेन्सिल घेतली, कागद घेतला, दोन ओळी लिहून खोडल्या. शेवटी लिहिलं, "भाजी छान झालीय." काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मीठ विसरलेय मी."

त्या रविवारी काका शिंप्याच्या दुकानात गेले नाहीत. पोस्टमन वर बोलवायला आला तर म्हणाले, "गुडघा दुखतोय." पोस्टमनने खाली जाऊन सांगितलं की काका हळू बोलले, आणि शिंप्याने डॉक्टरांचा नंबर शोधून ठेवला.

कंपनीच्या कामाने बाहेरगावी गेलेली चिमणी त्याच सकाळी घरी आली, तेव्हा बाप खिडकीत आणि आई स्टुलावर, मधे सगळी खोली. तिने दोघांकडून झाल्या प्रकाराची हकीकत ऐकली. आईचं बोलणं ऐकता ऐकता ती एका शब्दावर थबकली.

"उसासे ऐकू येतात? नक्की?"

"हो गं. प्रत्येक वाक्याच्या मधे एक."

"बाबा, तुम्ही उसासे टाकता?"

"उसासे कशाला टाकू? बोलताना माणूस श्वास घेतो. मी जरा जास्त घेतो, पुढचं वाक्य मोठं असतं म्हणून."

चिमणी टेबलाशी बसली. तिने लॅपटॉप उघडला, फोन त्याला जोडला आणि दुभाष्याकडून येणारा प्रत्येक आकडा पडद्यावर दिसेल असं केलं. "म्हणजे हळू असतं ते जातंय आणि मोठं असतं ते अडतंय," ती पुटपुटली. पडद्यावर तिचा आकडा उमटला, सत्तर. खालून शिंप्याच्या यंत्राची टकटक आली, नव्वद. "बाबा, बोला आता."

"काय बोलू?"

आकडा उमटला. उणे एक्केचाळीस.

काका चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत राहिले.

"माझा आवाज," ते म्हणाले, "उणे?"

उणे चोवीस.

"बाबा, वर जातोय, आता कमी उणे आहे," चिमणी म्हणाली. "आणखी जोरात बोला बरं."

काकांना नेमकी शिंक आली. समोरच्या घड्याळजीने दुकानाचं दार लावून घेतलं. पडद्यावर आकडा होता उणे एक.

चिमणीने कपाळाला हात लावला. "सगळ्यात मोठा आवाज उणे एक. म्हणजे दोनशे पंचावन्न. बाबा, तुमच्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा कशात ठेवलाय? एका बाइटमध्ये?"

"मग काय गोणीत ठेवायचा? एक बाइट, आठ खण. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत सगळं मावतं."

"तुमच्याकडे मावतं. माझ्या भाषेतला बाइटही आठच खणांचा, पण त्यातला पहिला खण राखीव असतो. तो भरला की जावा समजते, हा आकडा उणा. माझ्याकडे एकशे सत्तावीसच्या वर गेलं की उलटं होऊन उण्यात पडतं. दुभाष्याने डबा जसाच्या तसा उचलून दिला. डबा तोच, खण तेच, आतला माल तोच. फक्त वाचणारा वेगळा."

काका खाली बसले. "म्हणजे हळू बोलेल तो धन आणि मोठ्याने बोलेल तो ऋण."

"आणि उणं आलं की माझं ॲप म्हणतं, इथे कोणी नाही."

"पंधरा दिवस," काका म्हणाले, "मी माझ्याच घरात कोणी नव्हतो."

चिमणीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण बापलेकीचं भांडण व्हायचं ते झालंच. "तुम्ही लिहून ठेवायचं ना," ती म्हणाली, "की हा आकडा कधी उणा नसतो."

"आवाज उणा असतो का कधी? हे काय लिहून ठेवायचं असतं?"

तिने खोक्यातली वही काढली, पान उलटलं आणि वाचून दाखवलं. काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आकडा, एक बाइट. बाकी उघड आहे.

"उघड आहे," चिमणी म्हणाली. "बघा."

"बरं. आणि तू? तू तपासून नाही पाहिलंस?"

"पाहिलं की. शंभरपर्यंतचे सगळे आकडे. मला वाटलं, माणसं याहून मोठ्याने बोलत नाहीत."

"तू माझ्या घरात वाढलीस, आणि तुला असं वाटलं?"

"तुमच्या घरात वाढले म्हणूनच हळू बोलायला शिकले, बाबा. मोठ्या आवाजाची जागा आधीच भरलेली होती."

काकांनी कौतुकाने लेकीच्या डोक्यावर टपली मारली. काकू स्टुलावरून दोघांकडे बघत होत्या. त्यांना भांडणाची एकच बाजू ऐकू आली होती. "ती काय म्हणते ते कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात ते तिच्या उत्तरांवरून ओळखलं. चूक तुमचीच दिसते."

दुरुस्ती एका ओळीची होती. दुभाष्याने तो छोटा डबा उचलायचा, मोठ्या डब्यात ओतायचा, आणि ओतताना मागे लागलेली उण्याची शेपटी छाटून टाकायची, म्हणजे दोनशे पंधरा हे दोनशे पंधराच राहतात. तेवढी ओळ लिहून चिमणीने फोनमध्ये घातली. काका लगेच तोंड उघडणार, तोच तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा. आईच्या कानातला जोर मी तीनदा वाढवलाय. या जोरावर तुम्ही एक अक्षर काढलंत तर आई थेट शिंप्याच्या दुकानात जाऊन पडेल."

तिने जोर होता तिथे आणला. मुंगी गेली, साखरेचा डबा गेला, टाचणी गेली. मग तिने पातेल्यावर झाकण आपटून पाहिलं, मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचून पाहिलं, एकेक आकडा तपासला, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, एकही न गाळता. तोवर काका तोंड मिटून बसले होते. शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं, काकांचा आवाज का नाही.

"बोला," चिमणी म्हणाली.

काकांचं धाडस होईना. पंधरा दिवस ज्याच्या बोलण्याचं शून्य झालंय, त्याला पहिला शब्द महाग जातो. "नको," त्यांनी खुणेने सांगितलं आणि कागदावर लिहिलं, "रविवारी."

"आजच रविवार आहे, बाबा."

खरंच होता. खाली बाकावर पोस्टमन बसलेला, शिंपी कोटाच्या बाहीशी झटत असलेला. तिघं जिना उतरून आले. काकू आपल्या स्टुलावर बसल्या, कोपऱ्यात पडलेला अर्धा कोट त्यांनी मांडीवर घेतला आणि काजाला हात घातला. चिमणी दाराला टेकून उभी राहिली. काकांनी घसा खाकरला. शिंप्याने सवयीने कात्री टेबलाच्या कडेपासून आत सरकवली.

"ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही," काका म्हणाले.

आणि त्यांनी सांगितली, ती हीच. पूर्ण आवाजात, छत हलवत. मुंगी लंगडत होती म्हणून सांगितलं, आणि काकूंकडे पाहिलं. सुई वर आली, खाली गेली. मुंगीला आपण काडीची कुबडी करून दिली म्हणून सांगितलं. सुई वर, सुई खाली. पोस्टमन पायावर पाय टाकून ऐकत होता. काकांनी सांगितलं की समोरच्या घड्याळजीने मनात मोजलेले सेकंद काकूंना ऐकू आले, आणि ते दोनाने चुकले होते. काकूंनी टाका ओढून घट्ट केला.

काकांनी दाराकडे बघितलं. चिमणीने फोनचा पडदा डोळ्यांपुढे धरून मान हलवली, आकडे नीट येताहेत.

"आणि चूक कोणी शोधली?" काका म्हणाले. "मी शोधली. एका नजरेत. जिन्यावरून उतरता उतरता."

चिमणी हसली. काकूंनी दोरा दाताने तोडला आणि नवा ओवला. त्यांच्या चेहऱ्यावरून काकांना काही कळेना. काकांच्या कपाळावर घाम आला. इतक्या थापा त्यांनी एका दमात कधी मारल्या नव्हत्या आणि एकही कोणी पकडली नव्हती. त्यांना वाटलं, उंटाच्याच वाटेने ही गोष्ट चाललीय, आता हिला शेवट नाही, शिंपी शटर ओढणार. त्यांचा आवाज त्यांच्या नकळत खाली आला.

"पण एक सांगतो," ते म्हणाले, "या सगळ्या पंधरवड्यात मी काही खचलो नाही. म्हटलं, चालायचंच. डोळ्यातून पाण्याचा एक थेंब काढला नाही."

"खोटं," काकू म्हणाल्या.

शिंप्याचं यंत्र थांबलं.

"दोनदा," काकू म्हणाल्या. मान खालीच, सुई चालू. "गुरुवारी दुपारी, आणि परवा. न्हाणीघरात, नळ बारीक सोडून. बारीक होता म्हणून नळही ऐकू आला आणि तुम्हीही."